भावजींचं ताट

अक्षदाला पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. सकाळचे आठ वाजले असतील. नवरा कैलास अंबरनाथच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता आणि सासू बनूबाई मागल्या पडवीत तांदूळ पाखडत बसली होती. काठवट आपटल्याचा आवाज आला म्हणून बनूबाई आत धावली. बघते तर सून भिंतीला पाठ लावून खाली बसलेली, पिठाचा हात छातीवर, आणि डोळे असे विस्फारलेले, जसं समोर जनावरच उभं आहे.

"आई, मी मरतेय," ती म्हणाली. "श्वासच येत नाहीये."

पंचवीस वर्षांची धडधाकट पोर. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. बनूबाईचं धाबं दणाणलं. तिने तिला तशीच पिठाच्या हाताने रिक्षात घातलं आणि चामटोलीहून बदलापूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने छातीला वायरी लावून पट्टी काढली, ती वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाला, "हृदय ठणठणीत आहे. पित्त झालं असेल." गोळ्या घेऊन दोघी घरी आल्या.

पण ते पित्त नव्हतं. त्या महिन्यात आणखी तीनदा तसंच झालं. एकदा विहिरीवर, एकदा भर दुपारी झोपेतून दचकून उठल्यावर, आणि एकदा न्हाणीत. न्हाणीतल्या त्या प्रसंगानंतर अक्षदा दार लावून आंघोळ करेना. दार अर्धवट उघडं ठेवायचं आणि बाहेर पाटावर बनूबाईने राखण बसायचं, असं सुरू झालं. आंघोळही साधी नाही. अंगाची सालटी निघतील इतकं घासायची.

"अगं, बस झालं की आता," बनूबाई बाहेरून म्हणायची. आतून नुसता पाण्याचा आवाज.

शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं असणार, नव्या नवरीला लागतं असं. म्हणून बनूबाईने तिला पलीकडच्या गावच्या भगताकडे नेलं. भगताने अंगारा लावला, लिंबू कापलं, आणि शेवटी अंगातलं झाड, म्हणजे भूत, सोडवायचं म्हणून तिचे केस मुठीत धरले. त्याबरोबर अक्षदाने त्याच्या मनगटाला असा चावा घेतला की रक्त आलं. "जबर आहे," असं म्हणत भगत मनगट चोळत मागे सरला. बनूबाईला मात्र सुनेचा चेहरा दिसला होता. त्यात दुसरं कोणी नव्हतं. त्यात अक्षदाच होती, आणि ती जिवाच्या आकांताने सुटायला बघत होती.

शेवटी कैलासने कारखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे मनाचं दुखणं आहे, उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशनाची खोली आहे, तिथे न्या. कैलास चिठ्ठी घेऊन घरी आला तो पडलेल्या चेहऱ्यानेच.

"मनाचं म्हणे. माझी बायको काय मेंटल आहे का, आई? लोक काय बोलतील?"

"लोकांना सांगायचंच नाय," बनूबाई म्हणाली. "उल्हासनगरला कापड घ्यायला गेलो असं सांगू. मी नेते तिला."

म्हणून दर बुधवारी सासू-सुना दोन रिक्षा बदलून उल्हासनगरला जायला लागल्या. तिथल्या मॅडमचं नाव यशोधरा. त्या उल्हासनगरातल्याच कॅम्प चार या वस्तीत लहानाच्या मोठ्या झालेल्या, चाळिशीच्या, अंगावर साधी सुती साडी, बोलणं सावकाश. पहिल्याच दिवशी बनूबाई सुनेच्या मागोमाग खोलीत शिरली, तर त्या उठून दारापर्यंत आल्या.

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"मी तिची सासू हाय. आमच्यात काय लपवाछपवी नाय."

"नसेल. पण इथे एकेकटीनेच बोलायचं असतं."

दार लागलं. बनूबाई बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी एक सिंधी बाई होती, हातात पापडांची पिशवी. तिने बनूबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बहू को लाये हो? अच्छा किया. मैं खुद के लिए आती हूँ. दो साल से."

"तुम्हाला काय झालंय?" बनूबाईने विचारलं.

"अंदर जो बोलती हूँ वो बाहर नहीं बोलती, अम्मा," बाई म्हणाली आणि हसली. "लेकिन अभी नींद आती है."

बनूबाईने तोंड फिरवलं. परक्या बाईसमोर घरातलं बोलायचं, आणि तेही सरकारी खोलीत बसून, हे तिच्या बुद्धीला पटत नव्हतं. पण खरं सांगायचं तर तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीने वरखाली होत होता. दाराआड अक्षदा काय सांगते आहे, हे तिला ऐकायचंही होतं आणि ऐकायचं नव्हतंही. पाऊण तासाने सून बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालेलं होतं.

"काय बोललीस गं?"

"काही नाही. श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. आणि घाबरायला झालं की समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. म्हणजे आपण कुठे आहोत ते मनाला कळतं."

असे चार बुधवार गेले. घरात अक्षदा मधूनच हळू आवाजात वस्तूंची नावं घ्यायची. तवा. चिमटा. मिठाची बरणी. खिडकी. कॅलेंडर. तिचे खांदे खाली यायचे, हात पुन्हा कामाला लागायचा. बनूबाईला वाटलं, उतार पडतोय. देवापुढे तिने नारळही ठेवला.

मग एका दुपारी तिला जे दिसलं ते दिसायला नको होतं.

त्या घराची रचना अशी होती की मूळ घर एकच, पण दोघा भावांच्या वाटणीत मधे भिंत घातलेली. अलीकडे बनूबाई, पलीकडे तिचा थोरला दीर चंदर. भिंतीत एक दार. कैलास सहा वर्षांचा असताना बनूबाईचा नवरा नाथा टेम्पोच्या अपघातात गेला, आणि तेव्हापासून या घराचा भार चंदरनेच उचलला. तिची शेती नांगरली, कैलासला शाळेत घातलं, कारखान्यात चिकटवलं. कैलास त्याला मोठे बाबा म्हणायचा. गावातही त्याला मान होता. भजनात पखवाज वाजवायचा, कुणाचं मयत झालं की खांदा द्यायला पहिला, भावकीचं भांडण झालं की मिटवायला तोच. दोन वर्षांमागे त्याची बायको गंगू वारली आणि तेव्हापासून त्याचं दोन्ही वेळचं ताट बनूबाईच्या चुलीवरून जायचं. जायचं म्हणजे तोच मधल्या दाराने जेवायला यायचा.

त्या दुपारी अक्षदा भाजीला फोडणी देत होती आणि नावं घेत होती. तवा. चिमटा. बरणी. तेवढ्यात दारापलीकडे चपला वाजल्या आणि घसा खाकरल्याचा आवाज आला. अक्षदाचे ओठ भराभर हलायला लागले. तवा चिमटा तवा चिमटा तवा. पुढचं नावच सुचेना. मोहरी जळून काळी झाली तरी तिला कळलं नाही.

बनूबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. तो खाकरण्याचा आवाज तिच्याही ओळखीचा होता. बत्तीस वर्षं तो आवाज ऐकला की ती पदर सावरून भिंतीशी सरकायची.

"सूनबाई, पाणी दे गं," चंदर पाटावर बसत म्हणाला.

"मी देते," बनूबाई म्हणाली, आणि अक्षदाला म्हणाली, "जा, तू मागं गोवऱ्या बघ."

तिने त्याला वाढलं. भात, आमटी, भाजी, कांदा. तो शांतपणे जेवला, ढेकर दिली आणि गेला. मग बनूबाई चुलीपाशी तशीच बसून राहिली.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा अठरा वर्षांची होती. नाथा आगपेटीच्या कारखान्यात कामाला, आठवडा आठवडा पाळ्या बदलायच्या. पेंढा ठेवायची एक खोली होती मागे. तिथे ते घडलं, पहिल्यांदा दिवाळीच्या आधी, मग संक्रांतीला, मग शिमग्यात. ओरडायला तोंड उघडेना, असा प्रकार. माहेरी गेल्यावर तिने आईला सांगितलं. आईने आधी दार लावलं आणि मग म्हणाली, "बोलू नको. घर मोडंल. बाईच्या जातीनं गिळायचं असतं." तिने गिळलं. चौथ्यांदा मात्र चंदर आला तेव्हा तिच्या हातात विळा होता. ती एक शब्द बोलली नाही, नुसता विळा धरून उभी राहिली. तो हसला आणि निघून गेला आणि त्यानंतर कधी आला नाही. पुढे कैलास झाला, नाथा गेला, आणि ज्याच्यावर विळा उगारला त्याच्याच आधाराने पोर वाढवायची वेळ आली. तिने त्याचं ताट वाढलं. सणाला पाया पडली. ते सगळं मनात इतकं खाली दडपलं की कधी कधी तिला वाटायचं, ते दुसऱ्याच कुणा बाईला झालं असेल.

आणि पौष महिन्यात सोनिवलीला भाचीचं लग्न निघालं. दोन दिवसांचं. कैलास आणि ती जाणार. अक्षदालाही यायचं होतं, तिने साडीसुद्धा काढून ठेवली होती. तेव्हा बनूबाईच म्हणाली होती, "तू राहा गं. म्हशीचं कोण बघंल? आणि भावजींना जेवायला कोण घालंल?" उंबरठ्यावर तिचा पाय अडखळला होता. क्षणभर. मग ती स्वतःशीच म्हणाली होती, आता सहासष्ट वर्षांचा म्हातारा माणूस, सुनेसारखी आहे त्याला. आणि ती रिक्षात बसली होती. परत आली तर सून ओल्या केसांनी अंगणात बसलेली. थंडीत, संध्याकाळी. सकाळपासूनची तिसरी आंघोळ असावी, दोरीवर तीन ओल्या साड्या होत्या. बनूबाईने बघितलं होतं, आणि विचारलं मात्र काहीच नव्हतं. पहिला झटका त्यानंतर आठव्या दिवशी आला.

चार दिवस बनूबाईने काहीच केलं नाही. पाचव्या दिवशी रविवार होता. कैलास घरी होता. अक्षदा चहाचे कप ठेवून त्याच्या समोर उभी राहिली.

"मला तुम्हाला सांगायचंय. आईंसमोरच सांगायचंय." ती श्वास सोडत सोडत बोलत होती, शिकवल्यासारखा. "तुम्ही दोघं सोनिवलीला गेला होतात ना. तेव्हा मोठ्या बाबांनी मधलं दार लावून घेतलं. ते जेवायला आले नाहीत म्हणून मी त्यांचं ताट पलीकडे घेऊन गेले होते."

पुढचं तिने अर्ध्या वाक्यात सांगितलं. कैलास आधी हसला. घाबरलेला माणूस हसतो तसा.

"काय बोलतेस तू? मोठे बाबा? त्यांनी मला खांद्यावर घेऊन वाढवलंय."

"मला माहितीये."

"त्या मॅडमने भरवलंय ना डोक्यात? हेच शिकवतात काय तिथे? घरं फोडायला?"

"त्यांनी काही भरवलं नाही. तीन आठवडे मी तिथे नुसती रडत होते. नाव मी माझ्या तोंडाने घेतलं."

कैलासने भिंतीवर मूठ मारली. मग तो आईकडे वळला. "आई, तू सांग. तू एवढी वर्षं आहेस या घरात. तुला कधी काही दिसलं का? मोठे बाबा तसे आहेत का?"

दोघंही तिच्याकडे बघत होती. लेकाच्या नजरेत विनवणी होती, की आई, नाही म्हण. सुनेच्या नजरेत काय होतं ते बनूबाईला बघवलं नाही. बत्तीस वर्षं ज्याच्यावर बूच मारून ठेवलं ते आता काढलं तर घराचं काय, पोराचं काय, तिने स्वतः वाढलेल्या हजार ताटांचं काय?

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "मी तर लग्नाला गेले होते."

अक्षदाने मान हलवली. रडली नाही, भांडली नाही. आत जाऊन पिशवी भरली आणि दुपारच्या आत अंबरनाथला माहेरी निघून गेली. कैलास तिला सोडायलाही गेला नाही.

ती गेली आणि बनूबाईचं दुखणं सुरू झालं. आधी हातापायांना मुंग्या. मग एकदा बाजारात भाजी घेता घेता छाती आवळली, डोळ्यांपुढे काळोख आला आणि ती मिरच्यांच्या ढिगावरच बसली. जिवंतपणी मरण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. आणि तेवढ्यातही मनात आलं, पोरीला हे रोज होत होतं. भाकऱ्या थापताना होत होतं. मी तिला भगताकडे नेलं.

पुढच्या बुधवारी ती एकटीच उल्हासनगरला गेली आणि सवयीने बाकावर जाऊन बसली. यशोधरा मॅडम दारात आल्या.

"मावशी, अक्षदा आता दुसऱ्या वारी येते. तुम्ही कुणाला आणलंत?"

"कुणाला नाय."

"मग?"

"माझाच जीव घाबरा होतो," बनूबाई म्हणाली.

त्या दिवशी ती आत बसली, पण बोलली नाही. दुसऱ्या बुधवारीही नाही. म्हशीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या, त्यांनी घाई केली नाही. तिसऱ्या बुधवारी उठायची वेळ झाली तेव्हा बनूबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "मी तवा अठरा वर्षांची होते." आणि मग जे आलं ते थांबेना. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती रडली. पेंढ्याची खोली सांगितली, आई सांगितली, विळा सांगितला. शेवटी सोनिवलीचं लग्न सांगितलं.

"मला म्हाईत होतं, मॅडम. म्हाईत असून मी तिला ठेवून गेले. आन् त्यानंतर त्याच्या ताटात तूप वाढलं मी. माझ्यावर थुंका तुम्ही."

यशोधरा मॅडम थुंकल्या नाहीत, आणि सोनिवलीच्या बाबतीत तुमचा काही दोष नाही असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"तुमच्यासोबत जे झालं त्यात तुमचा काडीचाही दोष नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "अक्षदाच्या बाबतीत काय ते तुम्हीच मला सांगितलंत. त्याचं आता काय करायचं म्हणता?"

"तिला सांगायचंय. पण ती माझं तोंड बघणार नाय."

"नसेल बघायचं तर तो तिचा अधिकार आहे. पण सांगायची जागा फक्त तीच एक आहे का?"

बनूबाईला कळलं, कैलासचा प्रश्न अजून तसाच पडून होता. रिक्षात ती सगळा रस्ता ओठ हलवत होती. पाटी. झाड. शाळा. टपरी. कुत्रा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कैलास घरी होता, दुसरी पाळी होती त्याची. चंदर नेहमीप्रमाणे मधल्या दाराने आला आणि पाटावर बसला. बनूबाईने ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं. मग काय झालं कोण जाणे, त्याने भाताला हात लावायच्या आत तिने ते उचललं.

"भावजी, तुमचं ताट आजपासून बंद."

"का गं? काय झालं?" तो हसूनच म्हणाला.

"आई, काय करतेस?" कैलास उठला.

"कैलास, तू इचारलं होतंस ना, मोठे बाबा तसे हायेत का. तवा मी खोटं बोलले." तिने ताट मागे चुलीपाशी ठेवलं. "तुझा बाप पाळीला जायचा तवा यानं मला पेंढ्याच्या खोलीत गाठली. तीनदा. तू तवा जलमला पण नव्हतास. अक्षदा खरं बोलतेय. मी खोटी हाय."

चंदरचा चेहरा क्षणभर उतरला, पण क्षणभरच. त्याने पाणी प्यायलं, तांब्या जागेवर ठेवला.

"हिचं डोकं फिरलंय, कैलास. त्या वेड्यांच्या दवाखान्यात जाते ना दर बुधवारी, सगळ्या गावाला म्हाईत हाय. सासूचं बघून सुनेला लागलं का सुनेचं बघून सासूला, देव जाणे."

कैलास अंगणात गेला आणि पेरूच्या झाडाला धरून ओकला. मग मोटारसायकल काढून निघून गेला, पाळीलाही गेला नाही. दोन दिवस त्याचा पत्ता नव्हता. त्या दोन दिवसांत चंदरने गावाला सांगायचं ते सांगून टाकलं. नळावर बनूबाई गेली की बायका हंडे उचलून निघून जायच्या. भजनी मंडळातला एक म्हातारा दारात येऊन म्हणाला, "बनू, या वयात हे बोलतात का? तुझ्याच लेकाची अब्रू जाते." सुताराला बोलावून तिने मधलं दार फळ्या ठोकून बंद करून घेतलं, आणि सुतार ठोकत होता तेव्हा ती बाजूला उभी राहून प्रत्येक खिळा बघत होती.

कैलास परत आला तेव्हा त्याने दाराकडे बघितलं, आईकडे बघितलं नाही. "मी सोनिवलीला खोली बघितलीये," तो म्हणाला. "इथे नाही राहू शकत मी."

"अक्षदाला नेशील?"

"ती येते का बघतो. मी तिला खोटी ठरवलं होतं." आणि मग, चपला घालताना, "तू तेव्हा का नाही बोललीस, आई?" हे तेव्हा म्हणजे कोणतं तेव्हा, ते त्याने सांगितलं नाही. बत्तीस वर्षांपूर्वीचं की त्या रविवारचं.

रविवारी बनूबाई अंबरनाथला गेली. अक्षदाची आई सुनंदा दारातच आडवी उभी राहिली.

"आत येऊ नका, विहीणबाई. माझी लेक परवापासून जरा जेवायला लागलीये."

"मी आत येत नाय. इथूनच बोलते."

आवाज ऐकून अक्षदा बाहेर आली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं, पण बघणं स्थिर. बनूबाईने पायरीखाली उभं राहून सांगितलं. सगळं. शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या तरी सांगितलं. "मला म्हाईत होतं गं, पोरी," ती शेवटी म्हणाली. "त्या दिवशी उंबऱ्यावरच म्हाईत होतं."

अक्षदाने दाराची चौकट धरली.

"तुमच्याकडे विळा होता," ती म्हणाली. "तुम्ही वाचलात. मग मला नुसतं एवढं तरी सांगायचं होतंत, की त्या माणसासमोर एकटी जाऊ नकोस. एकच वाक्य, आई. बाकी काही नाही सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

बनूबाईने पायरीखालूनच हात जोडले.

"मी तक्रार करणार आहे," अक्षदा म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, माझं मन तयार होईल तेव्हाच. झालं की सांगेन."

"मी येते साक्षीला. माझं बी सांगते."

"तेव्हा निरोप देईन. आता जा तुम्ही."

तिचं मन तयार व्हायला अडीच महिने गेले. या अडीच महिन्यांत बनूबाई त्या घरात एकटी राहिली, ठोकलेल्या दारापलीकडचं खाकरणं ऐकत. दर बुधवारी उल्हासनगरला जात राहिली. बरं वाटत होतं असं नाही. काही दिवस तर बोलून आल्यावर जास्तच पेटायचं, नुसतं ताट उचललं तरी हात जळायचा. "असं किती दिवस, मॅडम?" तिने एकदा विचारलं. "माहीत नाही," यशोधरा मॅडम म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत, म्हणूनच ती पुन्हा जायची.

मग एका सकाळी कैलासचा फोन आला. "आज अकरा वाजता. पोलीस ठाण्यात ये."

अक्षदा सुनंदाच्या शेजारी बसली होती, कैलास दोन खुर्च्या सोडून. तिचा जबाब आधी झाला, आत, दार लावून. बाहेर आली तेव्हा तिचा पदर घामाने भिजलेला होता. मग बनूबाईला बोलावलं. लिहून घेणारी महिला अधिकारी तरुण होती, अक्षदाच्याच वयाची.

"नाव सांगा."

"बनूबाई नाथा."

"वय?"

"पन्नास. पण मी सांगणार हाय ते अठराव्या वर्षाचं."

अधिकाऱ्याने मान वर करून बघितलं आणि पेन सरसावलं. बनूबाई सांगत गेली. दिवाळी, संक्रांत, शिमगा. नंतर सोनिवली. मधेच तिचा श्वास अडकला, हात टेबलाची कड शोधू लागले. तिने नावं घ्यायचा प्रयत्न केला, पंखा, फाईल, खिडकी, आणि पुढे काही दिसेना.

दार उघडंच होतं. बाहेरून अक्षदाचा आवाज आला. ती बनूबाईशी बोलत नव्हती, शिपायाशी बोलत होती.

"त्यांना पाणी द्या."

'आईंना' असं नाही म्हणाली. 'त्यांना' म्हणाली. बनूबाईने पाणी घेतलं, अर्धं अंगावर सांडलं, आणि राहिलेलं सांगून पूर्ण केलं. अंगठा नाही, सही केली. तेवढी नाथाने शिकवली होती.

ती बाहेर आली तोवर सुनंदा आणि अक्षदा रिक्षात बसून निघाल्या होत्या. कैलास पायरीवर उभा होता. "सोडू का तुला घरी?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तू तिच्या मागं जा."

तो गेला. ती उन्हातून चालत रिक्षाच्या थांब्यावर आली आणि चामटोलीची रिक्षा भरायची वाट बघत उभी राहिली.